खालचे आवाज

४ जानेवारी, सोमवार

रोज एक बातमी. त्यातून पाच नवे शब्द. प्रत्येक शब्दाचं एक वाक्य — आणि वाक्य आपल्या आयुष्यातलं हवं, पुस्तकातलं नको. मॅडमचा हुकूम! मॅडम म्हणजे आमच्या कान तपासणी केंद्राच्या मालकीण. दुसरं केंद्र उघडताहेत, जुनं माझ्यावर सोडायचं म्हणतात. अट एकच, रिपोर्ट इंग्रजीत लिहिता आले पाहिजेत. "मशीन तू माझ्यापेक्षा बरं चालवतेस, पण इंग्रजी लिहायला बसलीस की तुझी दातखीळ बसते." खोटं नाही.

आजची बातमी: प्राणिसंग्रहालयातलं एक अस्वल नव्या पिंजऱ्यात जायला तयार नाही. शब्द — रिलक्टंट. म्हणजे आढेवेढे घेणारा.

वाक्य: माझे बाबा कान तपासून घ्यायला रिलक्टंट आहेत.

मुलगी दिवसभर दुनियेचे कान तपासते आणि घरी टीव्ही असा मोठा की भांडी थरथरतात. विषय काढला की उठून गॅलरीत. आई होती तेव्हाही असंच. मी लग्न मोडून परत आले तेव्हाही असंच.

पाच शब्द कुठले, एकातच दम निघाला.

६ जानेवारी

बातमी: अंड्यांचे भाव. शब्द — सोअर. झेपावणे. पक्षी झेपावतो, अंडंही झेपावतं!

वाक्य जमलं नाही. आमच्या घरात काहीच झेपावत नाही.

८ जानेवारी, शुक्रवार

आज एक आजोबा आले. काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन, हातात बटण. "आवाज आला की दाबायचं, नाही आला तर नाही दाबायचं." मान डोलावली. आणि मी एकही आवाज सोडला नव्हता तरी यांचं आपलं टिक टिक टिक! बाहेर येऊन विचारतात, "किती मार्क पडले?" रिसेप्शनवरची घंटी पोट धरून हसली. (बहिऱ्यांशी बोलून बोलून तिचा आवाज असा झालाय की सगळे तिला घंटीच म्हणतात.)

मॅडम नाही हसल्या. म्हणाल्या, "काही लोकांना शांतता सहन होत नाही, म्हणून दाबतात. अशांचा रिपोर्ट धरायचा नसतो." रिपोर्टच्या खाली लिहायचं असतं, उत्तरं रिलायबल की अनरिलायबल. भरवशाची की बिनभरवशाची. आजचा शब्द बातमीतून नाही, कामातून घेतला. चालतंय.

११ जानेवारी, सोमवार

डोंगरातल्या बोगद्याचं छत कोसळलं. कामगार आत. कुठल्या कुठे तो देश, नकाशात शोधावा लागला. शब्द — कोलॅप्स, ट्रॅप्ड, डेब्री. डेब्री म्हणजे ढिगारा. शेवटी एस लिहायचा, म्हणायचा नाही.

उच्चार पक्का व्हावा म्हणून मोठ्यानं वाचत होते. बाबा चहाचा कप घेऊन उभेच राहिले.

"काय म्हणालीस?"

दाराची बेल ज्यांना ऐकू येत नाही त्यांना हे ऐकू आलं!

"इंग्रजी आहे बाबा."

"मग मराठीत सांग."

सांगितलं. बाबांनी कप खाली ठेवला. "आत पाईप गेलाय का बघ. हवेचा, नाहीतर पाण्याचा. असतोच. बघ."

बातमीत पाईपचं काही नव्हतं. तसं म्हटलं, तर माझ्या हातातून पेपर घेऊन स्वतः बघायला लागले. अक्षर ओळखता येत नाही त्यातलं एक.

बाबांचा जन्म कोळशाच्या खाणीत गेला. काका, त्यांचे धाकटे भाऊ, खाणीतच गेले. मी दुसरीत होते. आग लागली, क्षणात सगळं संपलं, त्यांना काही कळलंसुद्धा नाही — एवढंच मला माहीत. काकूच्या घरी फोटो आहे. आमच्या घरी तोही नाही.

१२ जानेवारी

बाबांनी आज तीन पेपर आणले. तिन्ही इंग्रजी. पेपरवाल्यानं विचारलं म्हणे, आजोबा, परीक्षेला बसताय का?

दिवसभर टीव्हीसमोर. आवाज बंद करून.

१४ जानेवारी, गुरुवार

शब्द — नॉक. ठोकणे. यातला पहिला के मुका.

बचावपथकातल्या एका कामगारानं ढिगाऱ्यातून बाहेर आलेल्या पाईपला कान लावला तर आतून ठोकल्याचा आवाज आला. पाईप होता! बाबा म्हणाले तसाच. मी धावत जाऊन सांगितलं. वाटलं, खूश होतील.

"कुणी ऐकलं? नाव काय त्याचं?"

"नाव नाही दिलेलं. एक कामगार."

"त्याला विचारलं का कुणी, तुझे कान कसे आहेत म्हणून?"

मी हसले. चेष्टा वाटली मला. बाबांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. रात्रीचं जेवण तसंच झाकून ठेवलं.

१५ जानेवारी

मोठमोठी यंत्रं आणली. आवाज पकडणारी. निकाल — इन्कन्क्लूसिव्ह. आरशासमोर उभं राहून म्हटला, जिभेला गाठ पडली. म्हणजे धड हो नाही, धड नाही नाही.

बाबांना अर्थ सांगितला. म्हणाले, "म्हणजे नाही. नाही म्हणायची लाज वाटते तेव्हा असं बोलतात."

१७ जानेवारी, रविवार

लिहू की नको असं झालंय. लिहिते.

वरच्या मजल्यावर प्लंबर आला होता. पाईप ठोकत असणार. मी कपडे वाळत घालत होते. आतून बाबांची हाक आली, हाक कसली, ओरडणंच — "थांबवा! सगळं बंद करा! गप्प बसा सगळे!" जाऊन बघते तर मोरीत, अंगावर नुसता बनियन, कान पाईपला चिकटवलेला. डोळे मिटलेले. एक हात वर, सगळ्यांना गप्प करणारा. मी हाक मारली तर तो हात आणखी वर गेला.

"बाबा, वर प्लंबर आहे."

"शू."

"बाबा, प्लंबर आहे तो."

तेवढ्यात तो प्लंबरच जिन्यावरून वाकून विचारायला लागला, ताई, काय झालं, पाणी गळतंय का? बाबांनी डोळे उघडले. मी त्यांना धरून खाटेवर बसवलं.

लहानपणी मी एकदा जेवताना वाटीवर चमचा वाजवत होते. बाबांनी कानाखाली मारली होती. आयुष्यात तेवढी एकदाच. आईसुद्धा काही बोलली नाही, फक्त चमचा काढून घेतला. आज इतक्या वर्षांनी ते सगळं आठवलं. आमच्याकडे कुणी दार ठोकत नाही. बेल वाजवा असं मोठ्या अक्षरात लिहिलंय, बाबांनीच. बेल त्यांना ऐकू येत नाही तरी!

मी कशी काय कधी विचारलं नाही?

१९ जानेवारी, मंगळवार

ऑपरेशन सस्पेंडेड. सस्पेंड म्हणजे टांगणे, आणि काम थांबवणेसुद्धा. आवाज बहुधा पाण्याचा असावा, नाहीतर दगड खाली बसत असावेत, असं तज्ज्ञांचं मत.

बाबांना घाबरत घाबरत सांगितलं. ते म्हणाले, "बरोबर आहे त्यांचं." अगदी शांत. पोटभर जेवले. भात परत मागून घेतला.

मला काही कळेनासं झालंय. आत माणसं आहेत ना?

२० जानेवारी

आज दाढी करताना बाबा काहीतरी गुणगुणत होते. मला त्याचीच भीती वाटली.

२३ जानेवारी, शनिवार

अलाइव्ह! सगळेच्या सगळे!

दुपारी घंटी किंचाळत आत आली, अख्ख्या केंद्राला ऐकू जाईल अशी. आत अडकलेल्यांच्या बायका हटून बसल्या होत्या, भोक पाडणारं एक लहान यंत्र त्यांनी हलवूच दिलं नाही. त्याच यंत्राचं भोक पलीकडे निघालं. मॅडमनी टाळ्या वाजवल्या, आम्ही वाजवल्या, बाकावरच्या पेशंटनी वाजवल्या — ज्यांना काही ऐकू आलं नव्हतं त्यांनीही, बाकीचे वाजवताहेत म्हणून. घंटी रडायलाच लागली. मी येताना केक घेतला. इतकं बरं वाटत होतं मला.

घरी आले तर टीव्ही बंद. बाबा खुर्चीत.

"कळलं का बाबा? सुटले सगळे!"

"ठोकत होते का ते?"

"हो ना! सगळे दिवस. पाईपवर दगडानं. पाळ्या लावून ठोकत होते म्हणे."

"थांबवलं होतं काम, तेव्हाही?"

"तेव्हाही."

बाबा खुर्चीतच पुढे वाकले, कपाळ गुडघ्यांना टेकलं. मला वाटलं छातीत दुखतंय. पाठीवर हात ठेवला तर पाठ हलत होती. आवाज मात्र नाही. आई गेली तेव्हाही ते असे रडले नव्हते.

केक खोक्यात तसाच आहे.

२४ जानेवारी, रविवार

आज बाबा बोलले. सकाळी, भाजी निवडताना, माझ्याकडे न बघता. जसं बोलले तसं लिहिते, नाहीतर उद्या मीच म्हणेन, असं काही बोललेच नाहीत.

"क्षणात नाही गेला धाकटा.

"आग होती, पण लांब. छत पडलं आणि तो आणि त्याच्याबरोबरचे पलीकडे राहिले. आग पुढे सरकायला लागली. अशा वेळी भिंत घालतात, विटांची. हवा तोडायची म्हणजे आग मरते. नाही घातली तर अख्खी खाण जाते. इतर ठिकाणी माणसं होती ना. मी विटा देणाऱ्या ओळीत होतो. खालून पाईप जात होता हवेचा, वरपर्यंत. मी टेकलो त्याला, दम घ्यायला. तर आतून ठोकत होतं कुणीतरी."

मी शेंगा सोलत राहिले. थांबले असते तर ते थांबले असते.

"साहेबाला सांगितलं. त्यानं काम थांबवलं, वाईट नव्हता माणूस. सगळ्यांनी पाईपला कान लावला. कुणी म्हणालं येतोय, कुणी म्हणालं नाही येत. मग खरंच थांबला आवाज. थांबलो आम्ही. धूर वाढत चालला. साहेब मला म्हणाला, भाऊ आहे तुझा, नसलेला आवाजही तुला ऐकू येणारच. मग भिंत पुरी केली."

"तुम्ही?"

"मी पण. ओळ सोडून कुठे जाणार?"

मग म्हणाले, चौकशी बसली. बाबांनी तिथं उभं राहून सांगितलं की मी आवाज ऐकला. खाणीच्या डॉक्टरनं त्यांच्या कानात शिट्ट्यांसारखे आवाज सोडून तपासलं. बाबांना जवळजवळ काहीच ऐकू आलं नाही. डॉक्टरनं सगळ्यांसमोर सांगितलं, या माणसाचे कान सुरुंगांनी गेलेले आहेत, याच्या ऐकण्यावर भरवसा ठेवता येणार नाही.

"आणि तुला सांगतो, मला बरं वाटलं गं. एवढं बरं मला कधीच वाटलं नव्हतं. म्हटलं, सुटलो. ऐकलंच नाही मी काही. त्याच एका गोष्टीवर जगलो मी. म्हणून तुझ्या त्या मशीनसमोर बसत नव्हतो. आणि आता हे लोक जिवंत निघाले."

टोपलीतली भाजी निवडून झाली होती.

२६ जानेवारी

शब्द नाही. बातमी वाचली नाही. मॅडमनी विचारलं, वही कुठाय? म्हटलं, घरी राहिली.

२७ जानेवारी, बुधवार

बाबा स्वतःहून म्हणाले, "चल. बघून टाक एकदा."

केंद्र बंद झाल्यावर मॅडमना विचारून नेलं. काचेच्या खोलीत बाबा. हेडफोन घातल्यावर किती लहान दिसतात! बटण दोन्ही हातांत धरलेलं.

मी बारीक आवाज आधी सोडले. शिट्टीसारखे, चिमण्यांसारखे. बाबा बसून. वाढवले. बसून. दोन्ही कानांतून गेलेत ते, डॉक्टर खोटं बोलला नव्हता. बोलणं नीट कळत नाही, टीव्ही मोठा लागतो, बेल पोचत नाही, सगळं त्यामुळेच. मला हायसं वाटलं. मग खालचे आवाज घेतले. जाड, घुमणारे. जिन्यावरच्या पावलांचा, दाराबाहेर कुणी थाप मारल्याचा असतो तसला.

बाबांनी बटण दाबलं.

कमी केला. दाबलं. आणखी कमी केला, इतका की काचेच्या पलीकडे मी श्वास रोखून धरला. दाबलं. मी मुद्दाम शांतता सोडली, लांबच लांब, त्या आजोबांसारखं चुकून तरी दाबतील म्हणून. दाबा ना बाबा, असं मनात म्हणत होते. नाही दाबलं. एकदाही चुकले नाहीत. रिलायबल. माझ्या इतक्या वर्षांत इतकी भरवशाची उत्तरं मी मोजक्याच लोकांची पाहिली असतील.

सुरुंगांनी गेलेला कान परत येत नाही. म्हणजे आज जे ऐकू येतं ते तेव्हाही येत होतं. त्या डॉक्टरनं खालचे आवाज सोडलेच नसावेत. किंवा सोडले आणि सांगितले नाहीत.

मॅडम पहिल्या दिवशी म्हणाल्या होत्या, आपण खरं सांगायचं, बरं वाटेल असं नाही. मी ते सगळ्यांना सांगत आले. आईबापांना सांगितलं, तुमच्या बाळाला ऐकू येत नाही. गाणाऱ्या बाईला सांगितलं. कधी आवाज चिरकला नाही माझा.

बाबा बाहेर आले. हेडफोनचे वळ गालांवर.

"काय निघालं?"

"गेलेत बाबा. पार गेलेत. जुनंच दुखणं आहे."

"जाड आवाजसुद्धा?"

"सगळेच."

"मग मी बटण दाबत होतो ते?"

"होतं तसं. माणसं उगाच दाबतात. त्यांना वाटतं, आला."

बाबांनी माझ्याकडे बघितलं. खूप वेळ. मग म्हणाले, "बरं." चप्पल घालताना माझ्या खांद्याचा आधार घेतला. एरवी घेत नाहीत.

मशीनमधला आलेख मी पुसून टाकला.

२९ जानेवारी

बाबा झोपतात. जेवतात. काकूला रविवारी जेवायला बोलाव म्हणाले — स्वतःहून! मी शब्द पुन्हा सुरू केले. पण पान उघडलं की वाटतं, जे करायचं तेच केलं ना? की बाबांना आणखी एका भिंतीमागे घातलं?

३१ जानेवारी, रविवार

काकू आली. जेवणं झाली, बाबा आडवे झाले. मी भांडी घासत होते, काकू पुसत होती.

"भाऊजींचे कान तपासलेस म्हणे."

"हो."

"गेलेलेच निघाले ना?"

"हो काकू."

ती ताट पुसत राहिली. कोरडं झालं तरी पुसत राहिली. मग हळूच म्हणाली, "बरं केलंस. मीही तेच केलं होतं."

मला कळेना.

"तो पाईप वर यायचा ना. आम्ही बायका त्याच्याजवळ बसून होतो. चौकशीत मला विचारलं, तुम्ही कान लावला होता, काय ऐकू आलं? समोर भाऊजी उभे होते. मी म्हटलं, काही नाही."

नळ वाहत होता. मी बंद केला.

"तुझ्या काकांना रात्रपाळीहून आले की दार ठोकायची सवय होती. दोनदा, मग जरा थांबून एकदा, हलकेच. तान्हं बाळ झोपलेलं असायचं ना. तिथं खालीही तसंच ठोकत होते गं. हलकेच."